भंगारात गेलेली ब्यूक

१

नोव्हेंबरात भंगारात निघालेल्या गाडीला फेब्रुवारीत पार्किंगचा दंड झाला होता, आणि हे दोन्ही कागद कॅझ व्रोनाने एकाच रबरबँडात गुंडाळून आणले होते.

थेल्मा होल्कमने रबरबँड काढला तर तो हातातच तुटला. तिने एक सुस्कारा सोडला. सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते आणि हा तिचा सहावा सुस्कारा होता. ईरी शहराच्या लायब्ररीच्या तळघरात मार्च महिन्यात दर मंगळवारी हेच चालायचं. पेन्शनीत निघालेली तीन-चार माणसं टेबलं मांडून बसायची आणि गावातल्या म्हाताऱ्या लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून द्यायची. समोर रांग, बाहेर सरोवरावरून येणारा बोचरा वारा, आणि कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी कागद गिळणारा प्रिंटर.

कॅझ व्रोना हा रांगेतला सगळ्यात चिकट माणूस. वय एकोणऐंशी. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग केलेलं, त्यामुळे कान गेलेले आणि आता डोळेही अधू. लागोपाठ तिसऱ्या मंगळवारी तो त्याच एका मागणीसाठी आला होता. बायकोची गाडी दान केली, त्या दानाची करात वजावट मिळाली पाहिजे.

थेल्माने त्याला दोनदा समजावून सांगितलं होतं. सरकार त्याच्या वयाच्या माणसाला सरसकट जी मोठी सूट देतं, ती दान, औषधं, घराचं व्याज असं सगळं एकेक मोजून मागितलेल्या सुटीपेक्षा त्याच्या बाबतीत कितीतरी जास्त भरते. म्हणजे गाडीची पावती जोडली काय आणि चुलीत घातली काय, त्याच्या करात एका डॉलरचाही फरक पडत नाही. दोन्ही वेळा त्याने मान डोलावली होती आणि पुढच्या मंगळवारी पावती घेऊन परत हजर.

आज मात्र पावतीसोबत दंडाची चिठ्ठी होती.

पावती ‘सेंट ब्रेंडन किचन’ची होती. घरी एकट्या पडलेल्या आजारी माणसांना जेवणाचे डबे पोहोचवणारी ही संस्था. पावतीवर लिहिलं होतं की श्री. व्रोना यांनी दिलेली ब्यूक गाडी चौदा नोव्हेंबरला भंगारवाल्याला सहाशे पन्नास डॉलरला विकली. दंडाची चिठ्ठी होती सहा फेब्रुवारीची. पूर्वेकडच्या सव्विसाव्या रस्त्यावर, आग विझवण्यासाठी मोकळ्या ठेवायच्या पाण्याच्या नळापुढे गाडी लावल्याबद्दल. ब्यूक, रंग तांबडा, आणि नंबर कॅझचाच.

“मी तिकडे गेलोच नाही,” कॅझ म्हणाला. “मला रस्त्यावरचा दिवा दिसत नाही, बाई, मी गाडी काय चालवणार?”

थेल्माने नंबर तीनदा ताडून पाहिला. एकतीस वर्षं तिने एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात घालवली होती. खोटा दावा तिला कागदाच्या वासावरून कळतो, असं तिथले लोक म्हणायचे. पेन्शन घेतल्यापासून असला कागद पुन्हा हातात पडू नये एवढीच तिची इच्छा होती.

“नंबरपाटी काढून घेतली नव्हती तुम्ही?”

कॅझने सांगितलं की स्क्रू गंजले होते. न्यायला आलेल्या माणसाने, आम्ही काढून पाठवू, असं सांगितलं होतं.

शेजारच्या टेबलावरून गार्लंड प्राइसने वाकून पाहिलं. हा बँकेतून निवृत्त झालेला साडेसहा फुटी गृहस्थ. त्याचे गुडघे लायब्ररीच्या कुठल्याच टेबलाखाली मावत नसत. प्रिंटर अडला की सगळे त्याच्याकडे बघायचे. तो म्हणाला की चिठ्ठी लिहिणाऱ्याने नंबर चुकवला असेल, फेब्रुवारीत अर्ध्या पाट्या बर्फाने झाकलेल्या असतात.

नंबर चुकला असता तर गाडीचा रंग आणि कंपनीही जुळली नसती, हे थेल्माच्या ओठांवर आलं होतं. पण रांगेत मागून कुणीतरी खाकरलं आणि तिने चिठ्ठी कॅझच्या बाकी कागदांसकट पर्समध्ये टाकली.

२

दुपारी ती किचनच्या ऑफिसात गेली. का गेली, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. निघताना कॅझ जे बोलला होता ते मात्र डोक्यातून जात नव्हतं. त्याची बायको डोलोरेस शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि किचनचा डबा रोज दुपारी बाराला दारात यायचा. ती गेल्यावर त्याने गाडी दिली ती डबे पोहोचवायला म्हणून. तसा शब्द त्याने ऑफिसातल्या बाईंकडून घेतला होता. मग जानेवारीत भंगाराची पावती आली.

“तिने ती गाडी घरातल्या भांड्यांसारखी घासून ठेवली होती,” तो म्हणाला होता. “आणि यांनी चेंदामेंदा केला. हे मला आधी सांगायला हवं होतं.”

ऑफिसातली बाई म्हणजे कोरीन टिबेट्स. पगारी माणूस ती एकटीच. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात डब्यांची यादी, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सँडविच. गाडीचा विषय काढताच तिचा चेहरा आंबला. तो म्हातारा तिला आठवड्यातून दोनदा फोन करतो, तिनेही त्याला आठवड्यातून दोनदा तेच सांगितलंय. गाड्यांचं ती बघत नाही. गाड्या मागच्या अंगणात येतात, पुढे काय करायचं ते कार्यकारी मंडळ ठरवतं आणि खजिनदाराने तयार केलेल्या पावत्या तिच्यासमोर सहीला येतात. वर्षाच्या शेवटी असे दीडशे कागद असतात, एकेक वाचत बसली तर डबे कोण पाठवणार?

“पण शब्द तू दिला होतास?”

कोरीनने फोन खाली ठेवला. हो, दिला होता. ती गाडी फार चांगली होती आणि किचनला गाडी हवीच होती. नंतर ती भंगारात गेल्याचं पावतीवरच कळलं, तेव्हा तिलाही चुकचुकल्यासारखं झालं. मंडळाने काहीतरी विचार केला असेल, असं समजून तिने सही केली.

थेल्माने पावत्यांच्या प्रती मागितल्या. कोरीनने आधी नाही म्हटलं, मग फोन पुन्हा वाजला तशी वैतागून फाइल पुढे सरकवली. पूर्ण नोव्हेंबरात गाड्या आल्या होत्या दोनच. दुसऱ्या पावतीवरचं देणगीदाराचं नाव तिने तळहाताने झाकलं, कारण ते दाखवायची परवानगी नव्हती. झाकायचं राहिलं ते थेल्माने वाचून घेतलं. एक व्होल्व्हो. विकली नाही, संस्थेने स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतली.

“मग कुठे आहे ती व्होल्व्हो?” थेल्माने विचारलं.

कोरीनने खिडकीतून अंगणात पाहिलं. तिथे डबे नेणारी जुनी व्हॅन होती आणि बर्फ होता. तिने थेल्माकडे पाहिलं, पुन्हा अंगणात पाहिलं, आणि म्हणाली की तिने ती व्होल्व्हो आल्याच्या दिवसानंतर पाहिलेलीच नाही.

३

बुधवारी थेल्मा भंगाराच्या अंगणात घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. मालक लाइल ड्रकर कागदी पिशवीतले पेपरोनी बॉल, म्हणजे मांस भरलेले पावाचे गोळे, खात खात बोलत होता. पहिली पाच मिनिटं त्याने आपण किती प्रामाणिक आहोत ते सांगितलं. थेल्माने ते ऐकून घेतलं. असल्या अंगणात प्रामाणिकपणावरचं भाषण तिने आयुष्यात शंभरदा ऐकलं होतं. मात्र लाइलकडे वही होती आणि वही नीट लिहिलेली होती.

चौदा नोव्हेंबरला सेंट ब्रेंडन किचनकडून एक गाडी आली होती. सहाशे पन्नास डॉलर दिले होते. रकमेत आणि तारखेत कॅझच्या पावतीपेक्षा अक्षराचा फरक नव्हता.

फक्त गाडी व्होल्व्हो होती.

“ब्यूक?” लाइल म्हणाला. “चालती ब्यूक मी दाबायला घातली असती तर माझ्या बायकोने मला घातलं असतं त्या यंत्रात. ही व्होल्व्होच. इंजिन जाम. दिसायला झकास, आत सगळं संपलेलं.”

मालकाचं नाव त्याला माहीत नव्हतं. काचेवर बोट क्लबचा बिल्ला होता. एक गोष्ट आठवली ती त्याने हसत सांगितली. गाडी यंत्राकडे ढकलताना तो स्टिअरिंगवर बसला, तर त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचेना. सीट इतकी मागे होती की मागे कुणी बसूच शकलं नसतं.

थेल्मा आपल्या गाडीत जाऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही.

गाडी चोरीला गेली नव्हतीच. ब्यूक सव्विसाव्या रस्त्यावर फिरत होती आणि व्होल्व्हो जिथे जायला हवी तिथे गेली होती. चोरी झाली होती ती पावतीची. संस्थेने गाडी विकली, तर देणाऱ्याला विक्रीच्या रकमेएवढीच वजावट मागता येते. तीच गाडी संस्थेने कामाला ठेवली, तर तिची बाजारात जी किंमत असेल तेवढी पूर्ण मागता येते. व्होल्व्होवाल्याला मिळायला हवे होते सहाशे पन्नास. कॅझच्या ब्यूकचं भाग्य त्याने आपल्या कागदावर लिहून घेतलं आणि आपल्या गाडीचं मरण कॅझच्या कागदावर लिहिलं.

पण हे करणाऱ्याला एक धोका होता. कॅझ तीच पावती करखात्याकडे पाठवेल, किंमत कमी का म्हणून भांडेल, आणि गाडीची शोधाशोध होईल. एवढा धोका शहाणा माणूस घेत नाही. त्याला पक्कं ठाऊक असेल की हा म्हातारा सरसकट सूट घेतो आणि गाडीची पावती त्याच्या फॉर्मला लागणारच नाही, तरच घेईल. माणसाचा कर कसा भरला जातो हे त्याच्या शेजाऱ्याला माहीत नसतं, कोरीनला माहीत नसतं, लाइललाही नसतं.

ते माहीत असतं ते त्याचा फॉर्म भरणाऱ्याला.

कॅझने आणलेल्या कागदांत मागच्या वर्षीच्या फॉर्मची प्रतही होती. थेल्माने ती पर्समधून काढून मांडीवर पसरली. शेवटच्या पानाच्या तळाला, मदत करणाऱ्याने आपली आद्याक्षरं लिहायची असतात तिथे, नीटस अक्षरात दोन अक्षरं होती.

गा. प्रा.

४

गुरुवारी सकाळी तिने आधी ब्यूक शोधली. ते फारसं कठीण गेलं नाही. सव्विसाव्या रस्त्यावर त्या नळाच्या समोरच एक चर्च आहे आणि चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरातून पूर्व भागाचे डबे निघतात. तांबडी गाडी मागच्या दारात उभी होती. डिकी उघडी, आत सूपचे थर्मास आणि बटाट्याचा वास. पाठीवर अजून कॅझची नंबरपाटी.

तिथला कारभार सिस्टर फिलोमीना बघत. वय सत्तरीपुढे, पायात बर्फाचे बूट, आवाज पोलीस चौकीतला. गाडीचा विषय निघताच त्यांचा बांध फुटला. गाडी नोव्हेंबरात मिळाली, अगदी उत्तम आहे, एकदाही बंद पडली नाही. पण तिची नोंदणी आणि विमा किचनच्या नावावर करा म्हणून त्यांनी खजिनदाराला पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा तो, चाललंय, एवढंच म्हणाला. दंडाची चिठ्ठी आपल्याऐवजी कॅझच्या घरी गेली, हे थेल्माकडून ऐकून त्यांना नवल वाटलं.

“ते काही चाललेलं नाही, सिस्टर,” थेल्मा म्हणाली. “कागदावर भंगार झालेली गाडी तो किचनच्या नावावर करणार कशी? चार महिने तुम्ही विमा नसलेली गाडी चालवताय. कुणाला धक्का लागला असता तर पोलीस एका जवळजवळ आंधळ्या माणसाच्या दारात गेले असते.”

सिस्टर फिलोमीनांनी हातातला थर्मास खाली ठेवला. मग चाव्या हुकावरून काढून खिशात टाकल्या आणि आजचे डबे व्हॅनने पाठवा म्हणून आत ओरडल्या. खजिनदाराचं नाव थेल्माला विचारावं लागलं नाही, त्यांनीच गार्लंड प्राइस हे नाव दोनदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेताना कपाळावर क्रूस काढला.

५

पुढच्या मंगळवारी थेल्मा अर्धा तास आधी तळघरात पोहोचली. गार्लंड प्राइस प्रिंटरपुढे वाकून अडकलेला कागद काढत होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली. तिला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त कंटाळा आला होता. नऊ वर्षं हा माणूस तिच्या शेजारी बसला होता. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने तिचं टेबल महिनाभर सांभाळलं होतं.

तिने त्याला सगळं क्रमाने सांगितलं. लाइलची वही, मागे ढकललेली सीट, चर्चमागची ब्यूक, फॉर्मवरची दोन अक्षरं. गार्लंडने प्रिंटरचं झाकण लावलं. नाकबूल करण्याचा त्याने फारसा प्रयत्न केला नाही.

“किती लावलेस व्होल्व्होचे?” तिने विचारलं.

“चार हजार आठशे.”

“पाच हजारांच्या वर गेलं की तज्ज्ञाचा दाखला लागतो, म्हणून.”

त्याने अडकलेला कागद चुरगळून टोपलीत टाकला. मग हळू आवाजात सांगू लागला. किचनसाठी त्याने बारा वर्षं फुकट हिशेब ठेवले होते. त्या गाडीवर त्याने दुरुस्तीला ढिगाने पैसे घातले होते आणि शेवटी ती अशी गेली. दोन पावत्या समोर होत्या, एक मजकूर इकडचा तिकडे केला. व्रोनाला त्या कागदाचा उपयोगच नव्हता. गाडी किचनला हवी होती, ती किचनला मिळाली. सिस्टर खूश, डबे पोहोचताहेत.

“सांग ना, थेल्मा,” तो म्हणाला. “सरकारचं सोड. माणसांपैकी कुणाचं काय गेलं?”

“जानेवारीपासून तो माणूस रोज रात्री समजतोय की त्याच्या बायकोची गाडी दाबून पत्रा केला,” थेल्मा म्हणाली. “तुझ्या टेबलापासून तीन हातांवर बसून तो हे मला सांगत होता, गार्लंड. तू ऐकलंस, आणि बर्फाने पाटी झाकली असेल म्हणालास.”

गार्लंडने खुर्ची ओढली आणि बसला. गुडघे टेबलावर आपटले. त्याने ते चोळलेही नाहीत.

तिने त्याला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. मंडळाला त्याने स्वतः सांगायचं, आपला फॉर्म दुरुस्त करून पाठवायचा, आणि ब्यूकची नोंदणी आधी करायची. नाहीतर शनिवारी ती लाइलच्या वहीची प्रत घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे जाईल. एवढं बोलून ती आपल्या टेबलाशी गेली आणि पेन्सिली टोकदार करत बसली. ज्याची वस्तू त्याला परत करण्यात समाधान असतं, असं विम्याच्या कामात कधीतरी वाटायचं. आज नुसतीच मान दुखत होती.

गार्लंडने गुरुवारीच सांगून टाकलं. मंडळाने त्याचा राजीनामा घेतला, वकिलाला बोलावलं आणि मागच्या बारा वर्षांचे कागद तपासायला काढले. कोरीनने थेल्माला फोन करून सांगितलं की आता ती सहीचा प्रत्येक कागद वाचते, आणि त्यामुळे डबे वीस मिनिटं उशिरा निघतात.

६

त्याच शनिवारी थेल्माने कॅझला गाडी दाखवायला नेलं. वाटेत तिने सगळी हकीकत दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्याने ऐकायचं यंत्र कानात घातलंच नव्हतं. तो रडेल अशी तिला धास्ती होती. तो रडला नाही. नव्या नंबरपाटीला नाक लावून त्याने अंक वाचले, चाकांना लाथ मारली, दार उघडून आत डोकं घातलं आणि सिस्टर फिलोमीनांना सुनवायला सुरुवात केली. पायपुसण्या धुतल्या नाहीत. मागच्या सीटवर सूप सांडलंय. पुढच्या डाव्या टायरात हवा कमी आहे, हे आंधळ्यालाही कळतंय. सिस्टरही काही कमी नव्हत्या. सूप सांडतंच, सूप न्यायलाच गाडी आहे, असं त्यांनी ठणकावलं. दोघं पाऊण तास भांडले. थेल्मा आपल्या गाडीत बसून वाट बघत राहिली आणि तिने घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

मंगळवारी कॅझ पुन्हा रांगेत होता.

त्याच्या हातात नवीन पावती होती. थेल्माने डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा समजावायला लागली. सरसकट सूट जास्त आहे. हा कागद जोडून काही मिळणार नाही. आधीही मिळणार नव्हतं, आताही मिळणार नाही.

“ते कळलं मला,” कॅझ म्हणाला. “तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत तेव्हाच कळलं होतं.”

“मग तीन मंगळवार माझं डोकं कशाला खाल्लंत?”

“कारण बाकी कुणी तो कागद हातात घेऊन वाचतच नव्हतं, बाई.”

शेजारचं टेबल रिकामं होतं, त्यामुळे रांग आज दुप्पट लांब होती आणि मागे एकजण मोठ्याने घड्याळाबद्दल बोलत होता. कॅझने पावती तिच्यापुढे सरकवली. त्याला ही अक्षरं दिसत नव्हती. तेवढी ओळ वाचून दाखवा, म्हणाला.

थेल्माने चष्मा वर ढकलला आणि वाचलं. श्री. कॅसिमिर व्रोना यांनी डोलोरेस व्रोना यांच्या स्मरणार्थ दिलेली ब्यूक गाडी संस्थेने विकलेली नाही. आजारी व वृद्धांना जेवण पोहोचवण्यासाठी ती रोज वापरात आहे.

कॅझने कानातलं यंत्र बोटाने नीट दाबलं.

“जरा मोठ्याने,” तो म्हणाला.

मागचा माणूस, काय चाललंय तरी काय, म्हणाला. थेल्माने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग तिने कागद दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओळ पहिल्यापासून वाचली.